तुमच्या प्लेटवरचा मिलिमीटर जगाच्या हिशेबात कसा पोहोचवायचा

हे मी तालुक्याच्या गावातल्या लहान हॉस्पिटलांत कल्चर टाकणाऱ्यांसाठी, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू प्लेटीत वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालेल ते बघणाऱ्यांसाठी, लिहिते आहे. जिथं मायक्रोबायोलॉजी म्हणजे एक खोली, एक इन्क्युबेटर, एक ऑटोक्लेव्ह आणि काचसामान धुऊन देणारे एक मामा, तिथल्यांसाठी. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मी कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका हॉस्पिटलात लागले, त्याला आता चोवीस वर्षं झाली. पहिली दहा-बारा वर्षं मला वाटायचं, रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर गेला की प्लेटचं काम संपलं. तसं नसतं, हे कळायला वेळ लागला. तुम्हाला तेवढा लागू नये.

२०२५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला. २०२३ साली लॅबमध्ये सिद्ध झालेल्या दर सहा जिवाणू-संसर्गांपैकी एक अँटिबायोटिकला दाद न देणारा होता. आपण ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो, तिथं तिनात एक. त्या वर्षी १०४ देशांनी माहिती दिली होती. २०१६ साली असे देश २५ होते, म्हणजे काम वाढलं आहे. पण आपल्यासारख्या देशांतून जी माहिती जाते, ती बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांची असते. तिथं येणारा पेशंट आधी तीन ठिकाणी औषधं घेऊन आलेला असतो.

आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत ऊसतोडीची माणसं येतात. त्यातली एखादी बाई लघवीला जळजळ होते म्हणून ओपीडीत येते. फडात आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी प्यायलेली नसते. तिनं अजून एकही गोळी घेतलेली नाही. तिच्या लघवीत जो ई. कोलाय वाढतो तो गावाचा, पालाचा, रोजच्या जगण्यातला जंतू आहे. जगाच्या त्या आकड्यात ही बाई नाही. तिला तिथं आणायचं, आणि चुकीच्या मापानं आणायचं नाही, हे आपल्या खोलीतून होऊ शकतं.

आधी माप एक करा

आजोबा सांगायचे, एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजाराच्या पायलीला लागत नसे. प्लेटीवर औषधाची डिस्क टाकून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ते औषध जंतूवर चालतं का, हे बघण्याचंही तसंच होतं, ज्याची त्याची रीत. १९६६ साली सिॲटलच्या बॉअर, कर्बी, शेरिस आणि टर्क या चौघांनी एक ठरीव पद्धत छापली. तीच आपली कर्बी-बॉअर. पुढं स्वीडनचे एरिक्सन आणि हेच शेरिस यांनी अनेक देशांतल्या लॅब एकत्र घेऊन या चाचणीचा अभ्यास केला. त्याचा अहवाल १९७१ चा. म्हणजे आपण रोज सकाळी जी पट्टी प्लेटला लावतो, ती मुळातच अनेक देशांनी मिळून घासून घेतलेली आहे.

या मापाचा वजनकाटा म्हणजे स्टँडर्ड स्ट्रेन, सगळ्या लॅब पडताळणीसाठी वापरतात तो एकच ठरलेला जंतू. ई. कोलाय, एटीसीसी (अमेरिकेतला जंतूंचा संग्रह) २५९२२. त्याच्या जुन्या नावातच 'सिॲटल १९४६' असं आहे. माझ्या फ्रीजमधल्या नळीत आणि स्टॉकहोमच्या लॅबमधल्या नळीत याच एका जंतूची पिलावळ आहे. त्याच्यावर १० मायक्रोग्रॅमची जेंटामायसिनची डिस्क ठेवली की झोन, म्हणजे डिस्कभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ, १९ ते २६ मिलिमीटरच्या आत यायला हवा, मग लॅब नैरोबीत असो की निपाणीत. तुमच्याकडं हा स्ट्रेन नसेल तर पुढचं काही वाचण्याआधी तो मिळवा. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाला हॉस्पिटलच्या लेटरहेडवर पत्र द्या. मला तसाच मिळाला. शक्य झालं तर स्युडोमोनास या जंतूचा स्टँडर्ड स्ट्रेन, २७८५३, पण मागून घ्या. दर आठवड्याला क्यूसी, म्हणजे या स्ट्रेनवरची पडताळणी, लावा, मीडियाचा (जंतूंच्या खाद्याचा) किंवा डिस्कचा नवा लॉट उघडला की त्या दिवशीही लावा. दर महिन्याला मूळ साठ्यातून नवा स्लँट (नळीत तिरपा थिजवलेला मीडिया) काढा, त्याच त्या स्लँटवरून वर्षभर लूप (जंतू उचलायची तार) फिरवत बसू नका.

मे महिन्यातल्या प्लेटी

२०१६ च्या मे महिन्यात क्यूसीच्या प्लेटवर जेंटामायसिनचा झोन २८ आला. दुसऱ्या दिवशी २९. माझा पहिला संशय डिस्कवर गेला, कारण त्या दिवसांत लाइट फार जायची. पण डिस्क बिघडली असती तर झोन लहान झाला असता. मोठा झोन येतो तो पातळ मीडियामुळं किंवा इनॉक्युलम, म्हणजे प्लेटीवर पसरलेले जंतू, कमी पडल्यामुळं. जंतूंचा गढूळपणा जुळवायची मॅकफार्लंडची नळी तपासली, ती ठीक होती. मग एक रिकामी प्लेट घेतली, ब्लेडनं अगार, म्हणजे थिजलेला मीडिया, मधोमध कापला आणि कडेला फूटपट्टी धरली. अडीच मिलिमीटरच्या जरा वर. हवा चार.

मीडियाची पावडर महाग झाली होती, आणि एका लिटरच्या चाळीस प्लेटी व्हायच्या तिथं आम्ही साठ ओतत होतो. कुणी ठरवून केलं नव्हतं, हळूहळू होत गेलं. मीही ओतल्या होत्या. तीन आठवड्यांचं रजिस्टर काढलं. ज्यांचे जंतू अजून स्लँटवर होते ते सगळे चार मिलिमीटरच्या प्लेटींवर पुन्हा लावले. नऊ रिपोर्ट बदलले. त्यात एक सत्तरीच्या आजी होत्या. आम्ही 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं इंजेक्शन त्यांना चार दिवस चालू होतं आणि ताप उतरत नव्हता. सरांनी स्वतःच्या अंदाजानं औषध बदललं होतं म्हणून त्या सावरल्या. मी सरांना जाऊन सांगितलं, सुधारलेला रिपोर्ट हातानं लिहून फाइलला लावला. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधली एक प्लेट कापून मोजते आणि मोजमाप वहीत लिहिते.

तर, नव्वद मिलिमीटरच्या प्लेटीत २५ मिली म्युलर-हिंटन मीडिया. मेझरिंग सिलिंडरनं एकदा पाणी मोजून प्लेटीत ओता, बाहेरून मार्करनं रेघ मारा आणि ती प्लेट ओतणाऱ्यासमोर नमुना म्हणून ठेवा. टेबल सपाट हवं. आमच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे, तो स्पिरिट लेव्हल लावून घातलेला आहे. पीएच ७.२ ते ७.४. तो खाली गेला तर जेंटामायसिन, अमिकासिन उगाच कमजोर दिसतात आणि टेट्रासायक्लिन उगाच जोरदार.

इनॉक्युलमसाठी ०.५ मॅकफार्लंड घरी करता येतं: एक टक्का सल्फ्युरिक ॲसिड ९९.५ मिली, त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.५ मिली. जंतूच्या नळीसारख्याच नळीत भरा, तोंड सील करा, अंधारात ठेवा आणि वापरण्याआधी जोरात हलवा. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा मारून दोन्ही नळ्या त्यापुढं धरा. रेघा दोन्हीतून सारख्याच पुसट दिसल्या पाहिजेत. 'एवढं गढूळ पुरे' असं नुसत्या डोळ्यानं ठरवू नका. इनॉक्युलम दाट झालं की झोन आवळतो आणि बरं करू शकणारं औषध बाद ठरतं.

मग पंधरा-पंधरा-पंधरा. नळी तयार झाल्यापासून पंधरा मिनिटांत स्वॅब फिरवा, स्वॅब फिरवल्यापासून पंधरा मिनिटांत डिस्क ठेवा, डिस्क ठेवल्यापासून पंधरा मिनिटांत प्लेट इन्क्युबेटरमध्ये. एकटी असताना मी एका वेळी चारच जंतू घेते, त्यापेक्षा जास्त घेतले की हे जमत नाही. एका प्लेटीवर पाच डिस्क, सहावी कोंबू नका. डिस्कची नळी फ्रीजमधून काढल्याबरोबर उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि डिस्क मरतात. इमिपेनेम आणि अमॉक्सी-क्लॅव्ह सगळ्यांत आधी जातात. इन्क्युबेटर ३५ ला ठेवा. बऱ्याच ठिकाणी तो सवयीनं ३७ ला असतो, पण ३५ च्या वर मेथिसिलिनला रेझिस्टंट (दाद न देणारा) स्टॅफ, म्हणजे स्टॅफिलोकॉकस जंतू, नजरेतून निसटू शकतो. थप्पी पाच प्लेटींच्या वर नको, मधल्या प्लेटी तापतच नाहीत.

मिलिमीटर लिहा, अक्षर नंतर

एवढीच एक गोष्ट पाळलीत तरी माझं लिहिणं कामी आलं. रजिस्टरमध्ये एस (सेन्सिटिव्ह), आय (मधला), आर (रेझिस्टंट) ही अक्षरं लिहून थांबू नका. झोनचा आकडा लिहा.

कारण असं. सिप्रोफ्लॉक्सासिनला ई. कोलायचा झोन २३ आला असं धरा. अमेरिकेच्या सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमानं २०१८ पर्यंत २१ किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह. २०१९ ला त्यांनी रेघ वर नेली: २६ किंवा जास्त सेन्सिटिव्ह, २१ किंवा कमी रेझिस्टंट. म्हणजे तोच जंतू, तीच प्लेट, एका वर्षात 'एस'चा 'आय' झाला. २०१५ च्या वहीत तुम्ही नुसतं 'एस' लिहिलं असेल तर त्या जुन्या वर्षांची नव्या वर्षांशी तुलना करता येत नाही. २३ लिहिलं असेल तर आजही करता येते. युरोपची तशीच समिती, युकास्ट, आणखी वेगळी रेघ वापरते. झोन २५ आला तर सीएलएसआयच्या लेखी तो 'आय' आणि युकास्टच्या लेखी 'एस'. शिवाय २०१९ पासून युकास्टच्या 'आय'चा अर्थच बदलला आहे: डोस वाढवला तर औषध चालेल, असा. पुण्याचा 'आय' आणि पॅरिसचा 'आय' एका रांगेत मांडले तर बेरीज खोटी. मिलिमीटरची भाषा मात्र सगळीकडं एक.

वाचताना प्लेट उलटी धरा, मागं काळं काहीतरी ठेवा, उजेड वरून पडू द्या. अगदी बारीक वाढ भिंगातून शोधू नका, डोळ्याला वाढ दिसायची थांबते तिथं कड. झोनच नसेल तर ० लिहू नका, ६ लिहा, कारण डिस्कच सहा मिलिमीटरची आहे. कोट्रायमोक्साझोलच्या झोनमध्ये हलकं धुकं दिसलं तर ते सोडून ठळक कड मोजा. प्रोटियस जंतूनं झोनवर पसरवलेला पडदाही सोडून द्या.

कोलिस्टिनची डिस्क लावू नका. ते औषध अगारमध्ये नीट पसरतच नाही, त्यामुळं डिस्कचा झोन भरवशाचा नसतो. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनसारखी, द्रवात औषध पातळ करत जाऊन बघायची चाचणी लागते. आपल्याकडं सोय नसेल तर 'केलेली नाही' असं लिहा. व्हॅन्कोमायसिन आणि स्टॅफचंही तसंच. ही औषधं शेवटचे उपाय आहेत. २०१५ साली चीनमध्ये डुकरांच्या आणि माणसांच्या जंतूंत एमसीआर-१ हा कोलिस्टिनला निष्प्रभ करणारा जनुक सापडला, आणि २०१९ च्या जुलैत आपल्या सरकारनं कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. एका देशातल्या लॅबनं नीट बघितलं, म्हणून इतर देश जागे झाले.

कॉम्प्युटरवर चढवणं

हूनेट नावाचं, लॅबचे असे आकडे साठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात १९८९ पासून त्यावर काम चालू आहे आणि शंभरावर देशांतल्या लॅब ते वापरतात. आमच्या जुन्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवरही चालतं. आधी लॅबची मांडणी भरावी लागते: देश, लॅबचा कोड, वॉर्डांची नावं, तुम्ही वापरता त्या डिस्क आणि त्यांची ताकद, सीएलएसआय की युकास्ट. अर्धा दिवस द्या, कुणी घाई केली तरी उठू नका. डिस्कची ताकद इथं चुकली की पुढची सगळी अक्षरं चुकतात.

मग रोज प्रत्येक पेशंटची एक ओळ. त्या बाईची अशी होते: वय ३०, स्त्री, ओपीडी, नमुना लघवी, जंतूचा तीन अक्षरी कोड ई-सी-ओ, सिप्रो २३, जेंटा २२, मेरोपेनेम ३१. सॉफ्टवेअर अक्षरं आपोआप लावतं. नमुना घेतल्याची तारीख आणि ॲडमिट झाल्याची तारीख, दोन्ही भरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ग्लास' या नोंदणी-व्यवस्थेत ॲडमिट झाल्यावर दोन दिवसांच्या पुढं घेतलेल्या नमुन्यातला संसर्ग हॉस्पिटलातला धरतात, त्याआधीचा बाहेरचा. तारीख नसेल तर ऊसतोडीची बाई आणि आयसीयूतला पेशंट एकाच पोत्यात पडतात.

ज्यांच्या कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही, तेही चढवा. 'ग्रोथ नाही' याला कोड आहे. आम्ही कितीतरी वर्षं हे सोडून देत होतो. पण शंभर लघव्या तपासून वीसमध्ये जंतू सापडले, का वीसच तपासल्या, हे कळल्याशिवाय त्या विसांचा अर्थ लागत नाही. आणि एकाच पेशंटचा तोच जंतू चार नमुन्यांत आला तर मोजताना वर्षातला पहिलाच घ्यायचा. बरा न होणारा पेशंट पुन्हा पुन्हा नमुना देतो, तो चार वेळा मोजला की आकडा फुगतो. नोंद सगळ्यांची ठेवा, गाळण्याचं काम हूनेटला सांगा.

महिन्याच्या शेवटी चहाच्या वेळेत मी ओळी चाळते. क्लेब्सिएला अँपिसिलिनला सेन्सिटिव्ह दिसला तर माझं काहीतरी चुकलं आहे, कारण तो जन्मजात रेझिस्टंट असतो. प्रोटियस नायट्रोफ्युरँटॉइनला सेन्सिटिव्ह दिसला तरी तेच. एकतर जंतू चुकीचा ओळखला, नाहीतर प्लेटीत दोन जंतू मिसळलेले होते. अशा ओळी पुन्हा लावल्याशिवाय पुढं पाठवू नका.

कुठं पाठवायचं

आपला देश २०१७ पासून 'ग्लास'मध्ये आहे. दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र त्याचं समन्वयाचं ठिकाण. त्यांच्या जाळ्यात राज्याराज्यांतली मेडिकल कॉलेजं आहेत. आयसीएमआरचंही (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१३ पासून वेगळं जाळं आहे. लहान हॉस्पिटलाला थेट जिनिव्हाला, संघटनेच्या मुख्यालयात, काही पाठवता येत नाही. तुमची वाट जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीतून जाते. तिथल्या मॅडमना किंवा सरांना भेटून यायचं, फोनवर भागवायचं नाही. जाताना सहा महिन्यांचे क्यूसीचे आकडे घेऊन जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मॅडमनी माझ्या ओळी बाजूला ठेवून आधी जेंटामायसिनचा क्यूसी-तक्ता मागितला, आणि मे महिन्यातल्या २८-२९ वर बोट ठेवून विचारलं, हे काय झालं होतं? मी सांगितलं. मग त्यांनी बाकीचं वाचायला घेतलं.

बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये पेशंटचं नाव, फोन, पत्ता जाता कामा नये. हूनेटमध्ये ही माहिती वगळून एक्सपोर्ट करता येतं, तो पर्याय निवडल्याची खात्री दोनदा करा. बाहेरची गुणवत्ता-तपासणी, म्हणजे इक्वास, तिलाही नाव घाला. त्यांचा अनोळखी जंतू ओळखताना चुकलात तर ते कळलेलं बरं.

आकडे द्यायला हॉस्पिटलं कचरतात, आणि त्यामागं कारण आहे. २००८ साली स्वीडनमध्ये एका पेशंटच्या लघवीच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला वाढला, कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना) न जुमानणारा. पेशंट आधी दिल्लीत ॲडमिट होता. त्यातल्या एन्झाइमला शास्त्रज्ञांनी 'न्यू डेल्ही'चं नाव दिलं, एनडीएम-१. आपल्याकडं फार राग आला, आणि मला तो राग समजतो. शहराचं नाव त्या एन्झाइमला द्यायला नको होतं. पण जंतू खरा होता आणि तो कितीतरी देशांत पसरला आहे. आमच्या ट्रस्टींनी मला विचारलं होतं, 'आपले आकडे वाईट आले तर हॉस्पिटलचं नाव जाईल ना?' मी त्यांना सांगितलं की राष्ट्रीय बेरजेत आपलं नाव छापत नाहीत, आणि आकडे वाईट असतील तर ते कळल्यावरच डॉक्टर योग्य औषध देतील. त्यांनी सही केली.

वर्षातून एकदा स्वतःच्या डॉक्टरांसाठीही तक्ता काढा. ज्या जंतूचे निदान तीस पेशंट आहेत तेवढेच घ्या, तीसच्या खाली टक्केवारी काढू नका. ओपीडीतल्या लघव्यांचा तक्ता वेगळा ठेवा. तो ओपीडीच्या भिंतीवर लावल्यापासून आमच्याकडं साध्या जळजळीला नायट्रोफ्युरँटॉइन जास्त लिहिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते 'ॲक्सेस' गटात आहे, म्हणजे आधी वापरायच्या औषधांत. २०२४ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सभेत देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत जगात माणसांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकपैकी ७० टक्के तरी या गटातली असावीत. त्या ठरावातली आपल्या वाटणीची चिठ्ठी ओपीडीतच लिहिली जाते.

शेवटी एक काम, जे कधीतरीच येतं पण चुकवायचं नाही. एखाद्या दिवशी क्लेब्सिएला मेरोपेनेमला ६ देईल, म्हणजे झोनच नसेल. आधी प्लेट शुद्ध आहे का बघा, त्या दिवसाचा क्यूसी बघा, नवी डिस्क घेऊन पुन्हा लावा. डॉक्टरांना लगेच फोन करा, पेशंटला वेगळं ठेवता येईल. मग जंतू न्यूट्रिएंट अगारच्या स्क्रू-कॅप स्लँटवर घ्या. नळी कापसात गुंडाळा, गळणार नाही अशा डब्यात घाला, तो डबा कडक खोक्यात. तीन थर, कमी नाही. मेडिकल कॉलेजला आधी कळवून माणसाच्या हाती पाठवा. सोबत चिठ्ठीत वय, वॉर्ड, नमुना, तारखा आणि सगळे मिलिमीटर. पोहोचल्याची सही घ्या आणि एक नळी तुमच्या फ्रीजमध्ये राखून ठेवा, कारण तिकडून फोन येतो तेव्हा बहुतेक पहिला प्रश्न हाच असतो: 'तुमच्याकडं अजून आहे ना?'